ब्रेक दाबला तरी गाडी चालूच!

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की बर्फातल्या ड्रायव्हिंगबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि तुम्ही लोकांनी इतकं विचारलंत की सगळं एका अंकात बसणं शक्यच नव्हतं. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत. काही पत्रं पानपानभर होती ती छाटलीत, रागावू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे प्रत्येक उत्तरात तेच ते लिहायला नको. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, प्रत्येक टायरखाली साधारण तळहाताएवढी जागा, बस्स. पळणं, थांबणं, वळणं ही तिन्ही कामं त्या चार तळहातांवरच चालतात. कोरड्या डांबरावर त्यांच्याकडे पकड एवढी असते की आपण वळता वळता ब्रेक मारतो, मधेच गिअर टाकतो, ऐनवेळी लेन बदलतो आणि सगळं खपून जातं. काचेसारख्या बर्फावर तीच पकड सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते, मग एका वेळी एकच काम आणि तेही हळू. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर जे ऐनवेळी करतो ते बर्फावर बरंच आधी करून ठेवायला लागतं. खाली फिरून फिरून तेच येणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न : ताई, आमची फोर व्हील ड्राइव्ह एसयूव्ही आहे. मित्र म्हणतो विंटर टायर घे, मी म्हणतो चारही चाकांना ताकद मिळतीये तर वेगळे टायर कशाला? पैज लागलीये, निकाल तुम्ही द्या.

उत्तर : हरलात, मित्राला पार्टी द्या. फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग गाडी हलवायला होतो, म्हणजे चढावर निघायला, भुसभुशीत बर्फातून बाहेर पडायला. थांबताना त्याचा काही उपयोग नाही कारण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, तुमच्या शेजारच्या छोट्या हॅचबॅकलाही. उलट मला अशा गाड्यांची जास्त भीती वाटते. साध्या गाडीचं चाक निघतानाच जरा फिरतं आणि ड्रायव्हरला कळतं की बाबा आज रस्ता घसरडा आहे, फोर व्हील ड्राइव्ह मात्र आरामात निघते, आरामात वेग घेते आणि रस्ता कसा आहे ते तुम्हाला थेट पहिल्या वळणावर कळतं, तेव्हा गाडी दोन टनांची असते आणि थांबायला तयार नसते.

आता टायरचं. नेहमीच्या उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फात रुततात आणि बर्फ पकडून ठेवतात (बर्फाला बर्फ चांगला चिकटतो, गोळा करताना बघा). घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का बघा, ते चिन्ह बर्फावर चाचणी झाल्याशिवाय मिळत नाही. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा, त्यामागे चाचणी असेलच असं नाही. जर्मनीत तर ऑक्टोबर 2024 पासून हिवाळी रस्त्यांसाठी डोंगराचं चिन्ह असलेलेच टायर चालतात, आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचेच आहेत, गाडी फोर व्हील असो नाहीतर टू व्हील ड्राइव्ह.

आणि घ्याल तर चार घ्या. पुढचे दोनच बदलले की पुढचं टोक धरून ठेवतं आणि मागचं टोक वळणावर फिरून पुढे यायला बघतं, ते जास्त वाईट. खाचेची खोली कायद्यानं बऱ्याच देशांत 1.6 मिमी चालते पण बर्फासाठी 4 मिमीच्या खाली गेलेला टायर मी तरी संपला असंच समजते.

प्रश्न : माझे वडील म्हणतात बर्फावर ब्रेक पंप करायचा, दाब-सोड दाब-सोड. ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणतात दाबून धरायचा. परवा मी दाबला तर पॅडल पायाखाली थडथडायला लागलं, कायतरी तुटलं वाटून मी पायच काढला आणि गाडी पुढच्या गाडीच्या अगदी बंपरपर्यंत गेली. खरं काय?

उत्तर : दोघंही खरे, फक्त गाड्या वेगवेगळ्या. वडील ज्या गाड्यांवर शिकले त्यात एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हतं, ब्रेक जोरात दाबला की चाकं जाम व्हायची आणि जाम झालेलं चाक वळत नाही, स्टेअरिंग कितीही फिरवा. म्हणून पायानं दाब-सोड करायची. एबीएस तेच काम एका सेकंदात बऱ्याच वेळा करतं, तेही प्रत्येक चाकाचं वेगळं वेगळं बघून. ती थडथड म्हणजे काही तुटलेलं नाही, यंत्रणा काम करतीये त्याचा तो आवाज आणि धक्का. पाय काढायचा नाही, घट्ट दाबून धरायचा आणि स्टेअरिंगनं वाट काढायची, कारण एबीएसचा खरा फायदा तोच, ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळू शकते.

पण एबीएस असलं म्हणजे गाडी लवकर थांबेल हे डोक्यातून काढा. पकड जेवढी आहे तेवढ्यातच ते काम करणार, नसलेली पकड आणणार कुठून. ताज्या भुसभुशीत बर्फावर तर एबीएसवाली गाडी कधीकधी थोडी लांबच थांबते, कारण जाम झालेलं चाक आपल्यापुढे बर्फाचा ढीग लोटतं आणि त्या ढिगाला अडून थांबतं, फिरतं चाक त्याच्यावर चढून जातं.

आता आकडे सांगते, मी शाळेतल्या फिजिक्सच्या फॉर्म्युल्यानंच काढलेत, तुम्हीही काढून बघा. ताशी 50 किमी वेगानं जाताय आणि ब्रेक मारला, तर कोरड्या डांबरावर साधारण 14 मीटर, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर 40 मीटरच्या आसपास, आणि काचेसारख्या बर्फावर जवळजवळ 100 मीटर. हे पाय ब्रेकवर पडल्यानंतरचं. डोळ्यांनी बघून पाय हलवेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी 14 मीटर. म्हणजे समोर माणूस दिसला आणि मी थांबले यात क्रिकेटच्या मैदानाचा बराचसा भाग मागे पडलेला असतो! तोच वेग 25 वर आणला की 100 चे 25 मीटर होतात, निम्मा वेग म्हणजे पाव अंतर. दुसरा कुठलाही उपाय एवढा स्वस्त नाही.

तुमच्या पुढच्या गाडीचं म्हणाल तर एरवी दोन-तीन सेकंदांचं अंतर ठेवतो ना, बर्फावर ते आठ-दहा सेकंद करा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला सुरुवात करायची, आपण त्याच खांबापाशी पोचेपर्यंत. मधे कोणीतरी घुसेल, घुसू दे, परत मागे सरका.

प्रश्न : ब्लॅक आइस ओळखायचा कसा? दिसत नाही म्हणतात मग ओळखायचं काय?

उत्तर : बरोबर, दिसत नाही. तो काळा नसतोच, पाण्यासारखा पारदर्शक पातळ थर असतो आणि त्यातून खालचं काळं डांबर दिसतं म्हणून नाव तसं पडलं. त्यामुळे तो बघायचा नाही, तो कुठे असेल ते आधी ओळखायचं.

पूल आणि फ्लायओव्हर पहिले. साध्या रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळते, पुलाला खालूनवरून दोन्हीकडून वारा, त्यामुळे रस्ता नुसता ओला असतो तेव्हा पूल गोठलेला असतो. मग डोंगराच्या किंवा झाडांच्या सावलीतलं वळण जिथे दुपारीसुद्धा ऊन पोचत नाही. बोगद्याचं तोंड. रस्त्याच्या कडेनं पाणी झिरपतं ती जागा. वेळ म्हणाल तर पहाट, सूर्य उगवायच्या आसपास, आणि संध्याकाळी, दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा गोठायला लागतं तेव्हा.

चालवताना कान उघडे ठेवा, रेडिओ बंद. ओल्या रस्त्यावर टायर सळसळ आवाज करतात, तो आवाज एकदम गप्प झाला आणि स्टेअरिंग हातात हलकं हलकं, लोण्यातून फिरवल्यासारखं लागलं की समजायचं आपण बर्फावर आहोत. आणखी एक खूण, रस्ता ओला चकचकीत दिसतोय पण समोरच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीयेत, म्हणजे ते पाणी नाहीच.

डॅशबोर्डवरच्या तापमानावर फार विसंबू नका. तो हवा मोजतो, रस्ता नाही. निरभ्र रात्री रस्ता हवेपेक्षा थंड होतो, हवा 2-3 अंश दाखवत असताना खाली शून्याच्या खाली असू शकतं, म्हणूनच बऱ्याच गाड्यांत 3-4 अंशांनाच हिमकणाचा दिवा लागतो. आणि लोकांना उलटं वाटतं पण शून्याच्या आसपासचा बर्फ उणे 20 च्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो ना. कडाक्याच्या थंडीत जपून चालवणारे लोक थंडी जरा उतरली की सैल पडतात आणि नेमके तेव्हाच घसरतात.

ब्लॅक आइसवर सापडलात तर काहीच करू नका. खरंच. ब्रेक नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद वर, स्टेअरिंग सरळ, आणि पट्टा संपायची वाट बघा, बहुतेक वेळा तो काही मीटरांचाच असतो.

प्रश्न : घसरली तर घसरतीये त्या बाजूला स्टेअरिंग फिरवायचं असं सगळे सांगतात. म्हणजे खड्ड्याकडे जात असेन तर खड्ड्याकडेच वळवू का?

उत्तर : हाहा, नाही हो. ते वाक्यच फसवं आहे, मीपण वर्षानुवर्षं त्यात गोंधळले. घसरणं दोन तऱ्हांचं असतं ते आधी वेगळं करू.

पहिलं, पुढची चाकं घसरतात. तुम्ही स्टेअरिंग वळवलंय आणि गाडी नाकासमोर सरळच चाललीये. इथे सगळ्यांचा हात आणखी वळवतो आणि तेच चूक, चाक जेवढं आडवं तेवढी पकड आणखी कमी. पाय उचला, स्टेअरिंग थोडं सरळ करा, एक क्षण थांबा, चाकांनी पकड घेतली की मग हळू वळवा. त्या एका क्षणाला खूप धीर लागतो, लिहायला सोपं आहे.

दुसरं, मागची चाकं घसरतात, शेपूट हलवल्यासारखी. मागचा भाग उजवीकडे सुटला तर स्टेअरिंग उजवीकडे, डावीकडे सुटला तर डावीकडे, त्या वाक्याचा अर्थ एवढाच. पण ऐनवेळी उजवं डावं आठवत नाही हो, म्हणून मी सांगते जिथे जायचंय तिथे बघा, हात आपोआप तिकडे फिरतात. आणि गाडी सरळ व्हायला लागली की लगेच स्टेअरिंगपण सरळ करायचं, नाहीतर ती झटक्यात दुसऱ्या बाजूला जाते आणि तो दुसरा झटका पहिल्यापेक्षा मोठा असतो.

बघण्याचं मी उगाच सांगत नाहीये. एका सकाळी छान ऊन होतं, रस्ता कोरडा, मी 35 च्या आसपास होते, झाडीतलं एक वळण आलं आणि मागचा भाग सुटला. रस्त्याच्या कडेला एकच खांब होता. एकच! दोन्ही बाजूंना मोकळा मऊ बर्फ पडलेला आणि मी नजर लावली कुठे, तर त्या खांबाकडे, आता याला धडकणार धडकणार करत, आणि गाडी तंतोतंत तिकडेच गेली. शेवटच्या क्षणी बर्फाच्या ढिगात चाक रुतलं म्हणून खांबाच्या वीतभर अलीकडे थांबले. बंपरचा कोपरा गेला, बाकी कोणाला काही झालं नाही. आरसा उघडून तोंड बघितलं तर ओठ पांढरे पडलेले. तेव्हापासून वळणाच्या आधीच वेग उतरवते, वळणात शिरल्यावर ब्रेकला पाय लावत नाही.

हल्लीच्या गाड्यांत स्थिरता राखणारी यंत्रणा असते, ईएसपी म्हणा ईएससी म्हणा, 1995 पासून ती गाड्यांत यायला लागली. गाडी फिरायला लागली की ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून नाक जागेवर आणते, पण स्टेअरिंग तुम्ही कुठे धरलंय त्यावरून ती तुमचा इरादा ओळखते, म्हणून स्टेअरिंग जायच्या दिशेलाच ठेवा. हिवाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या मोकळ्या, रिकाम्या, खांब नसलेल्या जागी परवानगी काढून ताशी 15-20 नं मुद्दाम ब्रेक मारून बघा. एबीएसची थडथड पायाला एकदा ओळखीची झाली की ऐनवेळी पाय काढला जात नाही.

प्रश्न : घाटात बर्फ असेल तर चढताना जास्त धोका की उतरताना?

उत्तर : उतरताना, प्रश्नच नाही. चढताना फार तर अडकाल.

एक हिशोब बघा म्हणजे परत कधी विसरणार नाही. दर 10 मीटरला 1 मीटर उतार असलेला रस्ता घ्या, घाटात हे काही जास्त नाही. उतार गाडीला खाली ओढतो तो तिच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्यानं. आणि गोठलेल्या बर्फाची टायरवरची पकडही साधारण वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढीच. वजाबाकी शून्य! म्हणजे ब्रेक पूर्ण दाबून ठेवला तरी वेग कमी होणारच नाही, आहे त्या वेगानं तुम्ही खालपर्यंत जाणार. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच, माणूस चालतो तेवढ्यावर वेग आणायचा आणि खालचा गिअर टाकायचा. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोडमध्ये पहिला-दुसरा. उतारावर गेल्यावर गिअर बदलला आणि क्लच झटक्यात सोडला तर त्या धक्क्यानंच चाकं सुटतात.

चढताना उलट, थांबायचं नाही. पुढची गाडी वर पोचेपर्यंत खालीच थांबा, मग दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगानं निघा, ॲक्सिलरेटर कमीजास्त न करता. पुढच्याच्या शेपटीला चिकटून गेलात आणि तो मधे अडकला की तुम्हीपण अडकलात, आणि आता दोघांनाही मागे घसरायला मोकळी वाट. आणि क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) बर्फात बंद म्हणजे बंद, त्याला घसरणं कळायच्या आत ते चाकाला आणखी ताकद देऊ शकतं.

प्रश्न : टायरमधली हवा कमी केली की पकड वाढते ना?

उत्तर : वाळूत फिरणाऱ्यांचा सल्ला बर्फाच्या रस्त्याला लावू नका. थंडीनं हवा आपोआपच कमी होते, तापमान 5-6 अंश उतरलं की साधारण 1 पीएसआय. गरम गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर उणे 10 मध्ये चांगली तीन-चारनं खाली गेलेली असते, कमी हवेत गाडी लडबडते. कंपनीनं सांगितलेला आकडा गाडी थंड असताना बघून भरा.

प्रश्न : सकाळी काचेवर जाड बर्फ असतो. गरम पाणी ओतलं तर? आणि आतून धुकं येतं त्याचं काय?

उत्तर : गरम पाणी अजिबात नाही. काचेवर कुठे बारीक टवका असेल तर तिथून सर्र करून चीर जाते, आणि नाही गेली तरी ते पाणी दोन मिनिटांत परत गोठून आणखी गुळगुळीत थर होतो. खरवडणी घ्या, प्लॅस्टिकची. वॉशरच्या टाकीत साधं पाणी ठेवू नका, न गोठणारं द्रावण भरा. वायपर काचेला चिकटले असतील तर आधी सोडवा, तसेच चालू केले तर रबर फाटेल नाहीतर मोटर जळेल.

आतल्या धुक्याला हीटरबरोबर एसी लावा. थंडीत एसी काय म्हणून लोक हसतात पण एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर ती हवा गरम करतो, काच पटकन साफ होते. आतलीच हवा फिरवायचं बटण बंद, बाहेरची हवा येऊ द्या. आणि बूट झाडून गाडीत बसा, ते ओलं पायपुसणंच निम्मं धुकं करतं.

हो, आणि छतावरचा बर्फ! काच तेवढी साफ करून छतावर वीतभर बर्फ घेऊन निघणारे लोक मला कळत नाहीत. आतल्या ऊबेनं तो खालून सुटतो आणि पहिला ब्रेक मारला की सगळाच्या सगळा समोरच्या काचेवर. नाहीतर वेगात मागच्याच्या काचेवर उडतो. हेडलाइट आणि मागचे दिवेपण पुसा, एलईडी दिवे तापत नाहीत, त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही.

प्रश्न : स्नो चेन घेतल्यात पण पाकीट अजून उघडलं नाही. लागेल तेव्हा बघू म्हणतो.

उत्तर : लागेल तेव्हा कसं असतं सांगू का? अंधार असतो, वारा तोंडावर बर्फ मारत असतो, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात असतात आणि पाकिटातलं सूचनांचं चित्र ओलं होऊन फाटलेलं असतं. हातमोजे घालून ती आतली कडी सापडत नाही आणि काढले तर दोन मिनिटांत बोटं लाकडासारखी होतात. मी पहिल्यांदा लावल्या तेव्हा पाऊण तास लागला आणि मग कळलं की एक उलटी लागलीये.

घरी, उजेडात, कोरड्या जागी दोनदा लावून बघा. आधी माप जुळतंय का ते टायरवरच्या आकड्यांवरून, 205/55 आर 16 असं काहीतरी लिहिलेलं असतं त्यावरून तपासा. चेन ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांना लावायच्या, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर गाडीच्या पुस्तकात बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. साखळीचा गुंता आधी पूर्ण सोडवून जमिनीवर पसरा, मग आतल्या बाजूची कडी, मग बाहेरची, मग ताण. शंभरेक मीटर चालवून परत थांबायचं आणि पुन्हा घट्ट करायचं, हे कोणी करत नाही आणि मग सैल साखळी चाकाच्या कमानीवर आपटत राहते. वेग 50 च्या वर नाही, काही चेनना त्याहूनही कमी, पाकिटावर लिहिलेलं असतं. डांबर उघडं पडलं की काढायच्या. आणि गाडीत एक जुनं गोणपाट ठेवा, गुडघे टेकायला.

प्रश्न : मोठ्या हिमवर्षावात रस्त्यात अडकलो तर हीटर लावून रात्र काढता येईल का?

उत्तर : येईल, पण एक गोष्ट पाळली तर. गाडीतून उतरा आणि सायलेन्सरचं तोंड बघा. बर्फ साचून ते बुजलं की धूर मागे जायची वाट बंद होते आणि गाडीखालून आत शिरतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, मग छान झोप येते. थंडीत दमलेल्या माणसाला झोप आली यात कोणाला काय वावगं वाटणार, म्हणूनच तो इतका वाईट.

म्हणून दर वेळी इंजिन सुरू करायच्या आधी मागचा बर्फ उकरायचा, अगदी दर वेळी, कारण अर्ध्या तासात परत भरतो. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवायचं, गाडी गरम झाली की बंद. वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी. सगळे एकाच वेळी झोपू नका, एकानं जागं राहायचं. गाडी सोडून चालत मदत शोधायला जाऊ नका, वादळात दहा पावलांवरची गाडी दिसत नाही आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर सापडते. एरियलला नाहीतर दाराला रंगीत फडकं बांधा.

म्हणून निघताना डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च, पाणी, खायला काहीतरी, वाळूची पिशवी, आणि टाकी अर्ध्याच्या खाली येऊ द्यायची नाही. फोनचा चार्जर सांगायला नकोच. वाळू कशाला, तर चाक नुसतं जागेवर फिरत असेल तेव्हा. लोक अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबतच राहतात, फिरत्या चाकाच्या उष्णतेनं खालचा बर्फ वितळतो आणि परत गोठून आरसा होतो. थांबा, चाकापुढचं उकरा, वाळू टाका, नसेल तर पायपुसणी टाका (मागे कोणी उभं राहू नका, ती गोळीसारखी उडतात), आणि दुसऱ्या गिअरमध्ये अलगद पुढे मागे पुढे मागे करत काढा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरायला लागलं की त्याची ताकद कमी करणारी यंत्रणा) तेवढ्यापुरतं बंद केलं तर बरं पडतं, बाहेर पडलात की आठवणीनं परत चालू.

प्रश्न : रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं तरी गाडी घसरते, असं का?

उत्तर : साध्या मिठाचं काम साधारण उणे 9-10 पर्यंतच नीट चालतं, त्याखाली ते नुसतं पडून राहतं. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरतात किंवा सरळ वाळू टाकतात. आणि मीठ टाकल्या टाकल्या काही होत नाही, वेळ लागतो, गाड्यांच्या चाकांनी ते पसरायला लागतं. मिठाचा किंवा बर्फ ढकलणारा ट्रक पुढे असेल तर त्याला ओव्हरटेक करू नका, त्याच्या मागचाच रस्ता त्यातल्या त्यात सगळ्यात चांगला असतो, पुढे काय आहे ते कोणी साफ केलेलं नाही. घरी आल्यावर गाडी खालून धुवा, मीठ पत्रा खातं.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी घेतलीये, पहिलाच हिवाळा. पाय उचलला की गाडी स्वतःच वेग कमी करते ते बर्फात चांगलं ना?

उत्तर : उलट सांभाळायची गोष्ट आहे. पाय उचलल्यावर मोटर वेग ओढून धरते तो ब्रेकच असतो, आणि तो फक्त मोटर असलेल्या चाकांवर पडतो. मोटर मागे असेल तर वळणात पाय एकदम उचलला की मागचं सुटू शकतं, हँडब्रेक ओढल्यासारखं. सेटिंगमध्ये जाऊन ते कमीवर ठेवा आणि पाय हळू उचलायची सवय लावा. शिवाय बॅटरी थंडगार असताना ती चार्ज नीट घेत नाही म्हणून सकाळी हा ब्रेक कमी लागतो आणि बॅटरी गरम झाल्यावर जास्त, एकाच प्रवासात गाडी दोन तऱ्हांनी वागते. निघायच्या आधी प्लग लावलेला असतानाच गाडी आतून गरम करून घ्या, बॅटरीतली वीज वाचते. पुढे सीटच्या हीटरवर भागवा, अख्खी केबिन तापवण्यापेक्षा त्याला फार कमी वीज लागते. रेंज कमी होणारच, घरून हिशोब करताना तो धरूनच निघा.

प्रश्न : बाइकवर बर्फात जायचं म्हणतोय, टिप्स द्या.

उत्तर : जाऊ नका. चार चाकांची गाडी घसरली तर उभी राहते.

प्रश्न : रात्री गाडी बाहेर लावली आणि सकाळी हँडब्रेक सुटतच नव्हता. बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाही, ओला झालेला हँडब्रेक गोठला. धुवून आल्यावर किंवा चिखलबर्फातून आल्यावर तर हमखास होतं. सपाट जागा असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा. लावायच्या आधी शेवटच्या शंभर मीटरात दोन-तीनदा हलका ब्रेक मारलात तर डिस्कवरचं पाणी सुकतं. सकाळी सुटत नसेल तर गाडी रेटून ओढू नका, इंजिन चालू करून थोडं थांबा, मग इंचभर पुढे, इंचभर मागे. टक असा आवाज आला की सुटला.